लंडनच्या रस्त्यांचा गोंगाट आणि रहिवाशांची दाद

इंग्लंडातील शहरांत रहदारीचा आवाज आणि तिच्यामुळे घरांना बसणारे हादरे यांविषयी दाद मागणारा रहिवासी गेली दीडशे वर्षे मुख्यतः एकाच दारापाशी येत राहिला आहे, आणि ते दार स्थानिक संस्थेचे आहे. लंडनमध्ये हे दार आधी व्हेस्ट्रीचे होते. व्हेस्ट्री म्हणजे पॅरिशचा, अर्थात चर्चच्या जुन्या हद्दीवरून ठरलेल्या वस्तीचा, कारभार पाहणारी निवडून आलेली सभा. १८५५ च्या कायद्याने रस्ते बांधणे, दिवे लावणे आणि स्वच्छता राखणे ही कामे मोठ्या व्हेस्ट्रींकडे आणि लहान पॅरिशे एकत्र करून नेमलेल्या जिल्हा मंडळांकडे सोपवली. १९०० साली त्यांच्या जागी महानगरातील २८ बरो कौन्सिले आली आणि १९६५ साली विस्तारलेल्या लंडनची ३२ बरो कौन्सिले झाली. कारभाराचे नाव आणि हद्द बदलत गेली, तरी एक गोष्ट कायम राहिली, ती अशी की स्थानिक संस्थेच्या हाती रस्त्याचा पृष्ठभाग होता, त्यावरून धावणारे वाहन नव्हते. वाहन कसे असावे, किती वजनाचे असावे आणि त्याने किती आवाज करावा हे संसद, मंत्रालय आणि पोलीस ठरवीत. त्यामुळे तक्रार वाहनाची असली तरी तिला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा रस्त्याचे असे, आणि या तक्रारींचा इतिहास समजून घेण्याची किल्ली या विसंगतीत आहे.

एकोणिसाव्या शतकातील लंडनचा गोंगाट लोखंड आणि दगड यांच्या भेटीतून निघत होता. गाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव आणि घोड्याच्या पायाचा नाल हे दोन्ही ग्रॅनाइटच्या घडीव चिऱ्यांवर आपटत. चिरे एकमेकांशी कितीही घट्ट बसवले तरी त्यांच्या सांध्यांवरून चाक जाताना प्रत्येक सांध्याला एक ठोका पडे, आणि शेकडो गाड्यांचे असे ठोके मिसळून जो सलग खडखडाट होई, त्यात समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांनाही आवाज चढवून बोलावे लागे. खिडक्या बंद केल्या तरी हा आवाज कमी होत नसे, कारण त्याचा एक भाग जमिनीतून आणि भिंतीतून घरात शिरत असे. ग्रॅनाइट मात्र टिकाऊ होते, जड माल वाहणाऱ्या गाड्यांखाली ते वर्षानुवर्षे तग धरी, आणि करदात्यांच्या पैशाचा हिशेब देणाऱ्या व्हेस्ट्रीला टिकाऊपणा हाच पहिला गुण वाटणे स्वाभाविक होते.

या आवाजावर कुटुंबांनी स्वतः शोधलेला एक उपाय त्या काळच्या लंडनमध्ये सर्वपरिचित होता. घरात कोणी गंभीर आजारी असेल, तर त्या घरासमोरच्या रस्त्यावर गवताच्या काडाचा, किंवा चामडी कमावण्यासाठी वापरून झालेल्या सालीच्या भुशाचा, जाड थर पसरला जाई, जेणेकरून तेवढ्या अंतरात चाकांचा आवाज दबला जावा. दारावरची कडीही कापडात गुंडाळून ठेवत. रस्त्यावर पसरलेले काड दिसले की आत कोणीतरी आजारी किंवा मरणोन्मुख आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला न सांगता कळे. ही रीत सामाजिक इतिहासात एक करुण तपशील म्हणून येते, पण कारभाराच्या इतिहासातही तिला महत्त्व आहे, कारण आवाज कमी करायचा असेल तर रस्त्याचा पृष्ठभाग मऊ केला पाहिजे ही कल्पना या काडाने नागरिकांच्या मनात रुजवली होती. काड विकत घेण्याची ऐपत असलेल्या घरांनाच ही शांतता मिळे, हेही तितकेच खरे आहे.

फरसबंदीच्या प्रकारांवरून व्हेस्ट्रींकडे होणारे अर्ज या कल्पनेचे सार्वजनिक रूप होते. जॉन लाउडन मॅकॅडम याच्या नावाने ओळखला जाणारा खडीचा रस्ता ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ शांत होता आणि म्हणून पश्चिम भागातील राहत्या वस्त्यांत तो पसंत केला जाई. पावसात त्याचा चिखल होई आणि उन्हाळ्यात धूळ उडे, म्हणून आवाजाची तक्रार थांबली की चिखलाची सुरू होई. लाकडी ठोकळ्यांच्या फरसबंदीचा पहिला प्रयोग ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १८३९ च्या सुमारास झाला. तो फसला, कारण ठोकळ्यांखालचा पाया कच्चा होता. १८७० नंतर काँक्रीटच्या पायावर क्रिओसोटमध्ये, म्हणजे डांबरापासून काढलेल्या जंतुनाशक तेलात, भिजवलेले ठोकळे बसवण्याची रीत आली आणि लाकूड पुन्हा वापरात आले. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा आणि कारी या कठीण झाडांचे ठोकळे जहाजांनी आणून लंडनच्या रस्त्यांत बसवले गेले. याच सुमारास, १८६९ साली, शहराच्या व्यापारी गाभ्यातील थ्रेडनीडल स्ट्रीटवर दाबून बसवलेले नैसर्गिक अस्फाल्ट आले. त्यावर चाकांचा आवाज जवळजवळ नाहीसा होई, उरत असे तो घोड्यांच्या टापांचा. परंतु ओल्या अस्फाल्टवर घोडे घसरून पडत.

इथे व्हेस्ट्रीपुढचा पेच स्पष्ट दिसतो. रहिवासी, शाळा, चर्चे आणि रुग्णालये यांना शांत रस्ता हवा होता, गाडीवानांना न घसरणारा हवा होता, करदात्यांना स्वस्त आणि टिकाऊ हवा होता, आणि या सर्वांचे अर्ज एकाच सभेपुढे येत. लाकूड हा तडजोडीचा मार्ग ठरला. चर्च, न्यायालय किंवा रुग्णालय यांसमोरचा तेवढाच पट्टा लाकडी करून द्यावा, अशी तोड अनेक ठिकाणी निघाली. पण लाकूड घोड्यांचे मूत्र शोषून घेई आणि उन्हाळ्यात त्याचा उग्र वास येई, म्हणून आरोग्याच्या कारणाने त्याला विरोधही झाला. शांततेची वाटणी या सर्व काळात सारखी नव्हती. गोदीकडे जाणाऱ्या पूर्वेकडील रस्त्यांवर जड मालगाड्यांची वर्दळ होती, तिथे लाकूड टिकत नसे, आणि तिथले घरमालक व भाडेकरू वेगळा खर्च उचलू शकत नव्हते. तिथे ग्रॅनाइटच राहिले. ज्यांच्या दारावरून सर्वांत अवजड गाड्या जात, त्यांच्याच वाट्याला सर्वांत गोंगाटाची फरसबंदी आली, आणि तांत्रिक कारणांचा आधार असलेली ही विषमता पुढच्या शतकातही वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिली.

रहिवाशाने स्थानिक संस्थेचे दार ठोठावण्याऐवजी न्यायालयात का जाऊ नये, या प्रश्नाचे उत्तर एका रेल्वे खटल्यात आहे. इंग्लिश न्यायपरंपरेत 'उपद्रव' ही संज्ञा आहे. शेजाऱ्याच्या कृतीने आपल्या घराचा सुखाने उपभोग घेण्यात गैरवाजवी अडथळा येत असेल, तर त्याविरुद्ध दावा लावता येतो. पश्चिम लंडनमधून जाणारी हॅमरस्मिथ अँड सिटी रेल्वे १८६४ साली सुरू झाली आणि तिच्या लगतच्या एका घराच्या मालकांनी, ब्रँड या नावाच्या पक्षकारांनी, गाड्यांच्या हादऱ्यांमुळे घराची किंमत उतरली म्हणून भरपाई मागितली. रेल्वेने निष्काळजीपणा केला नव्हता, गाड्या जशा धावायच्या तशाच धावत होत्या. १८६९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, ही मागणी फेटाळली. संसदेने रेल्वे चालवण्याचा अधिकार दिला आहे, गाडी चालली की हादरा बसणारच, म्हणून त्या हादऱ्यालाही संसदेची संमती आहे असे मानले पाहिजे, हा बहुमताचा युक्तिवाद होता. लॉर्ड केर्न्स यांनी भिन्न मत नोंदवले. आजच्या वाचकाला त्यांचेच मत न्याय्य वाटेल, कारण लोकहितासाठी उभारलेल्या कामाची झळ ज्यांना लागते त्यांनी ती एकट्याने का सोसावी, हा प्रश्न बहुमताच्या निर्णयाने सोडवला नाही, फक्त बाजूला सारला.

या निर्णयाचे परिणाम रेल्वेपुरते राहिले नाहीत. कायद्याने अधिकृत केलेल्या कामातून अपरिहार्यपणे निघणाऱ्या उपद्रवाबद्दल दावा चालत नाही हे तत्त्व सार्वजनिक रस्त्यांनाही लागू झाले आणि रस्त्याच्या नेहमीच्या वापरातून होणाऱ्या आवाजाविरुद्ध रहिवाशाला न्यायालयात जवळजवळ आधार उरला नाही. ज्याला दावा लावता येत नाही तो अर्ज करतो. व्हेस्ट्री आणि कौन्सिल यांच्या दप्तरात रहदारीच्या तक्रारींचा जो ओघ सुरू झाला, त्यामागे कायद्याने बंद केलेला हा दुसरा दरवाजा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारबस आली. १९०५ नंतर लंडनच्या रस्त्यांवर तिची संख्या झपाट्याने वाढली आणि तिच्याबरोबर भरीव रबराच्या धावांचा धक्का, दातेरी चक्रांचा कर्कश आवाज आणि इंजिनाची थरथर या नव्या तक्रारी आल्या. बसला परवाना देणे महानगर पोलिसांच्या हाती होते आणि फार आवाज करणाऱ्या गाड्या त्यांनी रस्त्यावरून काढायला लावल्याही, पण बरो कौन्सिलला तो अधिकार नव्हता. १९२० नंतरच्या दशकात जड मालमोटारी भरीव टायरांवर धावत, तेव्हा गिलाव्याला भेगा पडल्याची आणि कपाटातील भांडी वाजल्याची गाऱ्हाणी वाढली. याच दशकाच्या उत्तरार्धात बस आणि लॉरी यांना हवेचे टायर लागत गेले आणि लोखंड व दगड यांचा जुना खडखडाट शहरातून मागे हटला. नागरिकांच्या बाजूने पाहता हवेचा टायर हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा दिलासा होता. तो कोणत्याही तक्रारीमुळे आला नव्हता, वेग आणि टायरांचा टिकाऊपणा यांच्या गरजेतून आला होता.

त्यानंतर लोकांच्या कानाला खुपू लागला तो भोंगा. १९३३ साली डॉक्टर असलेल्या लॉर्ड होर्डर यांच्या नेतृत्वाखाली गोंगाटविरोधी संघ स्थापन झाला आणि १९३४ साली वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी दाट वस्तीत रात्री ११.३० ते सकाळी ७ या वेळात भोंगा वाजवण्यास मनाई केली. भोंगा वाजवणारा चालक ओळखता येतो, म्हणून ही मनाई अमलात आणता आली. रहदारीचा एकत्रित आवाज मात्र कोणा एका चालकाचा नसतो. १९६० च्या गोंगाट निर्मूलन कायद्याने आवाज हा प्रथमच देशभर कायदेशीर उपद्रव ठरला, त्याबद्दल कारवाई करणे हे कौन्सिलचे कर्तव्य झाले, आणि तीन किंवा अधिक रहिवासी एकत्र आले तर ते स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकत होते. पण उपद्रवाला कर्ता लागतो, आणि दिवसभरात दारावरून गेलेल्या हजारो वाहनांपैकी कोणावर नोटीस बजावायची याचे उत्तर या कायद्यात नव्हते. कौन्सिलचा अधिकारी शेजारच्या कारखान्याला नोटीस देऊ शकत होता, शेजारच्या रस्त्याला देऊ शकत नव्हता.

सर ॲलन विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ साली गोंगाटाच्या प्रश्नावर अहवाल दिला आणि तक्रारीला पहिल्यांदा आकड्यांची जोड मिळाली. मध्य लंडनमधील ५४० ठिकाणी आवाज मोजण्यात आला आणि त्यांपैकी ८४ टक्के ठिकाणी रहदारीचा आवाज इतर सर्व आवाजांवर मात करणारा आढळला. घरी असताना रहदारीच्या आवाजाचा त्रास होतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ३६ टक्के होते, तर विमानांचा त्रास सांगणारे ९ टक्के होते. गजबजलेल्या शहरी भागात घराच्या आत दिवसा ५० आणि रात्री ३५ डेसिबेल ही पातळी फार वेळ ओलांडली जाऊ नये, असे समितीने सुचवले. डेसिबेल हे आवाजाच्या तीव्रतेचे एकक आहे आणि त्याची चढण अशी असते की १० डेसिबेलची वाढ माणसाला साधारण दुप्पट आवाजासारखी जाणवते. त्याच वर्षी सिमल्यात जन्मलेले नगररचनाकार कॉलिन ब्यूकॅनन यांचा 'ट्रॅफिक इन टाउन्स' हा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि मोटार वाढू देताना राहत्या परिसराची सोसण्याची मर्यादा आधी ठरवावी, हा विचार त्याने नगररचनेच्या चर्चेत आणला. रस्ते बांधणाऱ्यांनी त्या अहवालातील मोठ्या रस्त्यांचा भाग उचलला आणि मर्यादेचा भाग मागे ठेवला, असे पुढील दशकाकडे पाहून म्हणावे लागते.

त्या दशकाचे सर्वांत ठळक प्रतीक म्हणजे वेस्टवे. पॅडिंग्टनपासून व्हाइट सिटीच्या दिशेने सुमारे अडीच मैल लांबीचा हा उन्नत मोटारमार्ग ग्रेटर लंडन कौन्सिलने, म्हणजे सर्व बरोंच्या वर असलेल्या महानगरीय कौन्सिलने, पूर्ण केला. उत्तर केन्सिंग्टनमधून जाताना तो शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच हॅमरस्मिथ अँड सिटी रेल्वेच्या कडेने जातो, जिच्या हादऱ्यांवरून १८६९ चा निर्णय झाला होता. ॲकलम रोडवरील घरांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या आणि मार्गाचा कठडा यांत काही मीटरांचेच अंतर होते, आणि मार्गाचा पृष्ठभाग झोपण्याच्या खोल्यांच्या उंचीवर आला होता. या घरांत मुख्यतः गरीब भाडेकरू राहत. २८ जुलै १९७० रोजी वाहतूक मंत्रालयाचे कनिष्ठ मंत्री मायकेल हेसल्टाइन यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हा रहिवाशांनी घरांवर मोठा फलक लावून या नरकातून आम्हाला बाहेर काढा, आमचे पुनर्वसन करा, अशी मागणी केली आणि समारंभात निदर्शने केली. घर पाडले गेले असते तर कायद्याने भरपाई मिळाली असती. घर उभे राहिले आणि केवळ राहण्यालायक उरले नाही, म्हणून कायद्याने काहीच मिळत नव्हते. ब्रँडच्या खटल्यातील तत्त्व एका शतकानंतर त्याच परिसरात माणसांच्या अंथरुणापाशी येऊन पोहोचले होते.

ॲकलम रोडचे चित्र देशभरच्या वृत्तपत्रांत गेले आणि महानगरीय कौन्सिलला तेथील कुटुंबांना दुसरीकडे घरे द्यावी लागली. त्याहून दूरगामी परिणाम कायद्यात झाला. ऑक्टोबर १९७२ मध्ये सरकारने विकास आणि भरपाई यांविषयीची श्वेतपत्रिका काढली आणि १९७३ चा जमीन भरपाई कायदा तिच्यातून आला. नव्या सार्वजनिक कामाच्या वापरामुळे घराची किंमत उतरली, तर घराचा एक इंचही न घेतला गेला तरी भरपाई मागता येईल, असे या कायद्याच्या पहिल्या भागाने ठरवले. आवाज, कंप, दुर्गंध, वाफारे, धूर, कृत्रिम प्रकाश आणि जागेवर येऊन पडणारे घन किंवा द्रव पदार्थ अशी सात कारणे त्यात मोजून दिली आहेत. कंप हा शब्द त्या यादीत दुसऱ्याच स्थानी आहे आणि १८६९ मध्ये नाकारलेली गोष्ट १०४ वर्षांनी मान्य झाल्याची ती नोंद आहे. १७ ऑक्टोबर १९६९ नंतर वापरात आलेल्या कामांना कायदा लागू करण्यात आला, त्यामुळे वेस्टवे त्याच्या कक्षेत आला.

१९७५ च्या ध्वनिरोधन नियमांनी याला दुसरी जोड दिली. नव्या रस्त्यापासून ३०० मीटरांच्या आतील घराच्या दर्शनी भिंतीपाशी आवाज ६८ डेसिबेलच्या पातळीला पोहोचत असेल आणि त्यात नव्या रस्त्याच्या रहदारीने किमान १ डेसिबेलची भर पडत असेल, तर रस्ते प्राधिकरणाने आपल्या खर्चाने त्या घराला दुहेरी तावदाने आणि हवेसाठी पंखायुक्त झडपा बसवून द्याव्यात, असे हे नियम आहेत. ही ६८ ची पातळी मोजण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक तासात एकूण वेळेच्या दहा टक्के वेळ जी पातळी ओलांडली जाते ती घ्यायची, आणि सकाळी ६ ते मध्यरात्री १२ या अठरा तासांची त्या पातळीची सरासरी काढायची. रहदारी सलग असेल तर हा निर्देशांक लोकांच्या त्रासाशी बऱ्यापैकी जुळतो. परंतु मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंतचे तास त्यात मुळीच येत नाहीत. पहाटे तीन वाजता एकटीच येणारी आणि झोपलेल्या घराला जागे करून जाणारी लॉरी या मोजमापाच्या बाहेर राहते, आणि हा दोष साधा नाही, कारण झोपमोड ही रहिवाशांच्या गाऱ्हाण्यांतली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

याहून मोठी मर्यादा 'नवा रस्ता' या शब्दांत होती. भरपाई आणि ध्वनिरोधन हे दोन्ही हक्क नव्या किंवा बदललेल्या रस्त्यालगतच्या रहिवाशांना मिळाले. जुन्या रस्त्यावरची रहदारी दहा वर्षांत दुप्पट झाली, तरी तो रस्ता जुनाच. रस्त्यात बदल झाला असे केव्हा मानायचे हेही कायद्याने सांगितले आहे: त्याची जागा, रुंदी किंवा उंची बदलली पाहिजे, किंवा नवी मार्गिका जोडली गेली पाहिजे, आणि केवळ पृष्ठभाग नव्याने घालणे हा बदल नव्हे. ज्या पृष्ठभागावर व्हेस्ट्रीच्या काळापासून स्थानिक संस्थेचा सारा उपचार चालत आला होता, तोच पृष्ठभाग हक्कांच्या हिशेबातून वगळला गेला. यामागे खर्चाची भीती होती हे समजण्यासारखे आहे, कारण देशातील लाखो घरे जुन्या गजबजलेल्या रस्त्यांवर आहेत. पण त्यामुळे एकाच शहरात ६८ डेसिबेलच्या घराला तावदाने मिळावीत आणि त्याहून अधिक गोंगाटातल्या घराला दिलगिरीचे पत्र मिळावे अशी स्थिती निर्माण झाली, आणि तिचे समर्थन न्यायाच्या कोणत्याही कसोटीवर करता येत नाही.

जुन्या रस्त्यांवरच्या रहिवाशांचे लक्ष मग लॉरीकडे वळले. ह्यू डाइक्स या खासदाराच्या पुढाकाराने झालेल्या १९७३ च्या कायद्याने जड मालमोटारींना राहत्या भागांतून दूर ठेवण्याच्या योजना आखणे काउंटी कौन्सिलांना आणि लंडनमध्ये महानगरीय कौन्सिलला बंधनकारक केले. १९८० साली आर्मिटेज समितीने याच विषयावर अहवाल देताना ४४ टनांपर्यंतच्या लॉरींची शिफारस केली, त्यावर गावोगावहून विरोध झाला, आणि १९८३ पासून मर्यादा ३२.५ वरून ३८ टनांवर गेली. ग्रेटर लंडन कौन्सिलने १९८५ साली केलेल्या आदेशाने साडेसोळा टनांवरील लॉरींना रात्री आणि आठवड्याच्या शेवटी लंडनच्या बहुतेक रस्त्यांवर परवान्याशिवाय मनाई झाली. १९८६ च्या मार्चअखेरीस ते कौन्सिलच बरखास्त झाले, तेव्हा बरो कौन्सिलांनी हा आदेश एकत्रितपणे चालवला. परवान्याची एक अट अशी होती की ब्रेकमधून दाबलेली हवा सुटताना होणारा फूत्कार दाबणारे साधन लॉरीला बसवावे. मालवाहतूकदारांच्या संघटनेने ही अट युरोपीय नियमांविरुद्ध आहे म्हणून आव्हान दिले आणि १९९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बरोंच्या बाजूने निकाल दिला. स्थानिक संस्थेने पृष्ठभागाच्या पलीकडे जाऊन वाहनालाच हात घातल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे, आणि ते रहिवाशांच्या चिकाटीचे फळ आहे.

त्याच वर्षी निकाल लागलेला दुसरा खटला याच्या उलट बाजूचा आहे. केंट परगण्यातील चॅटम येथील नौदलाची गोदी १९८४ साली बंद झाली आणि तिच्या काही जागेवर व्यापारी बंदर आले, ज्याला जिलिंगम कौन्सिलने आधीच बांधकाम परवानगी दिली होती. लॉरी दिवसरात्र राहत्या गल्ल्यांतून जाऊ लागल्या, रहिवाशांची झोप उडाली, आणि कौन्सिलनेच त्यांच्या वतीने सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावला. न्यायालयाने त्रास खरा असल्याचे मान्य केले, पण परवानगीने त्या भागाचे स्वरूपच बदलले आहे, आता त्याची तुलना पूर्वीच्या शांत वस्तीशी करता येणार नाही, असे म्हणून दावा फेटाळला. परवानगीचा असा आधार घेण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एका वेगळ्या प्रकरणात बरीच मर्यादा घातली. जिलिंगमच्या रहिवाशांपुरते पाहिले, तर ज्या कौन्सिलकडे ते दाद मागायला गेले होते तिचीच जुनी सही त्यांच्या आड आली.

हादऱ्यांचा प्रश्न आवाजाहून अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि कौन्सिलचे अभियंते व रहिवासी यांच्यात सर्वाधिक अविश्वास याच विषयावरून निर्माण झाला. घरात जाणवणारा कंप दोन वाटांनी येतो. जड वाहनाच्या इंजिनातून निघणारा खोल, सेकंदाला ५० ते १०० आवर्तनांचा आवाज हवेतून येऊन तावदाने, दारे आणि हलकी तक्तपोशी थरथरवतो. चाक खड्ड्यावर, चराच्या बुजवलेल्या खाचेवर किंवा झाकणाच्या कडेवर आपटले की त्याहून मंद, साधारण ८ ते २० आवर्तनांची लहर जमिनीतून पायाकडे जाते आणि लाकडी तळजमिनीवर उभ्या माणसाला ती पायांत कळते. सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील जी. आर. वॉट्स यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रहदारीच्या कंपाने घरांना लक्षणीय इजा होते असा पुरावा आढळला नाही. माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाचा कंपही कळतो, तर गिलाव्याला केसासारखी भेग पडण्यासाठी त्याच्या अनेक पटींनी तीव्र कंप लागतो. भेगा बहुधा जमीन सुकून खचणे, लाकूड आकसणे, तापमानातील फरक यांमुळे पडतात.

हे निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या भक्कम आहेत, पण कौन्सिलांच्या उत्तरांत त्यांचा वापर नेहमी योग्य झाला नाही. रहिवासी भेग दाखवतो, कारण भेग ही दाखवता येण्याजोगी गोष्ट आहे. त्याचे खरे दुःख हे असते की त्याच्या घराची भिंत त्याला स्थिर वाटत नाही. भेग रहदारीने पडलेली नाही एवढे सिद्ध झाले की तक्रार निकाली काढण्याची रीत पडली, आणि ०.३ मिलिमीटरचा कंप माणसाला जाणवतो ही त्याच संशोधनातली अर्धी बाजू उत्तरात येईनाशी झाली.

गतिरोधकांच्या इतिहासात हा पेच पुन्हा दिसतो. ३.७ मीटर लांब आणि १०० मिलिमीटर उंच असा वर्तुळखंडाच्या आकाराचा गतिरोधक वॉट्स यांनीच १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी विकसित केला आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. सार्वजनिक रस्त्यावरची त्याची पहिली चाचणी १९७५ साली ऑक्सफर्डमधील कडस्डन वे येथे झाली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी रहिवाशांनी सह्या गोळा करून गतिरोधक मागावेत, कौन्सिलने ते घालावेत, आणि काही महिन्यांत जवळच्या घरांतून आवाजाची आणि हादऱ्यांची तक्रार यावी, असा क्रम पुढे शेकडो गल्ल्यांत घडला. मोटारगाड्या मंदावल्याने एकूण आवाज कमी होई, पण रिकाम्या लॉरीचे पोलादी पाटे आणि हौदा उसळून जो दणका होई तो नवा होता. १९९६ साली वाहतूक विभागाने या हादऱ्यांविषयी कौन्सिलांना मार्गदर्शन दिले आणि जमिनीच्या प्रकारानुसार घरापासून किती अंतर राखावे हे सांगितले. मऊ गाळाच्या जमिनीवर हादरा सर्वांत दूर जातो, म्हणून नदीकाठच्या वस्त्यांना ते अंतर अधिक लागते. बस आणि लॉरी यांची चाके दोन्ही बाजूंनी निघून जातील अशा अरुंद उशांसारख्या गतिरोधकांचा प्रसार यानंतर वाढला.

१९९३ साली रस्त्यावरील वाहने आणि यंत्रे यांचा आवाज कायदेशीर उपद्रवाच्या यादीत आला, तेव्हा त्याच कलमात रहदारीचा आवाज स्पष्ट शब्दांत वगळण्यात आला. उभ्या वाहनाच्या वाजत राहिलेल्या गजरावर कौन्सिल कारवाई करू शकते, वाहत्या रहदारीवर नाही. त्यामुळे उत्तर पुन्हा पृष्ठभागाकडे आले. २००० साली सरकारने दहा वर्षांच्या वाहतूक योजनेत राष्ट्रीय महामार्गांच्या ६० टक्क्यांहून अधिक लांबीवर, आणि सर्व काँक्रीट रस्त्यांवर, कमी आवाजाचे थर घालण्याचे जाहीर केले. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये दाबली जाणारी हवा मुरू देणारे हे थर लाकडी ठोकळ्यांचे दूरचे वारस आहेत.

जुन्या रस्त्यांचा विचार सर्व देशभर एकत्रितपणे प्रथम झाला तो २००२ च्या युरोपीय निर्देशामुळे. त्यानुसार इंग्लंडने २००६ साली नियम केले, मोठ्या शहरांचे आवाजाचे नकाशे तयार केले, आणि २०१० च्या कृतियोजनांत सर्वाधिक आवाज सोसणाऱ्या एक टक्का लोकसंख्येची ठिकाणे 'महत्त्वाची क्षेत्रे' म्हणून निवडली. त्यांतील पहिल्या प्राधान्यासाठी अठरा तासांच्या त्याच निर्देशांकाची पातळी किमान ७६ डेसिबेल ठरली. नव्या रस्त्यालगत ६८ ला मिळणारा हक्क आणि जुन्या रस्त्यालगत ७६ ला मिळणारी चौकशी यांतील अंतर ८ डेसिबेलचे आहे. हे नकाशे प्रत्यक्ष मोजून काढलेले नाहीत, १९७५ साली तयार होऊन १९८८ साली सुधारलेल्या गणनापद्धतीने ते काढले आहेत. वाहनांची संख्या, त्यांतील जड वाहनांचे प्रमाण, वेग, चढ, रस्त्याचा पृष्ठभाग, अंतर आणि मधले अडथळे एवढी माहिती त्या गणितात भरली जाते, आणि कौन्सिलकडे आलेल्या तक्रारींसाठी त्यात रकाना नाही.